लायसनची तारीख कॅलेंडरवर लिहा



गेल्या महिन्यात शाळा सुटल्यावर सहावीतल्या एका मुलीची अम्मी वर्गाच्या दाराशी थांबली होती. हातात दोन वेळा घडी घातलेला कागद. "टीचर, ये कागज जरा पढ के बताव ना. इनकू कुछ समझ में नै आ रा," असे म्हणून तिने तो आमच्या हातात दिला. तिच्यामागे मुलीचे अब्बा खाली मान घालून उभे होते. बावीस-तेवीस वर्षे ट्रक चालवलेला माणूस. पण त्या दिवशी शाळेत बोलावणे आलेल्या पोरासारखा चेहरा झालेला.

कागद चलनाचा होता. सोलापूरचा कांदा भरून दहा चाकी गाडी रात्री निघाली होती. वाटेत आरटीओच्या वायुवेग पथकाने हात दाखवला. कागद तपासले तेव्हा आरसी, विमा, फिटनेस, परमिट सगळे ठीक निघाले. फक्त ड्रायव्हरच्या लायसनची मुदत १९ दिवसांपूर्वी संपलेली होती. "साहेब, तीस दिवसांची सवलत असते ना," असे यांनी सांगून पाहिले. ती सवलत आता नाही, हे तिथेच कळले. गाडी जागेवर थांबली, मालकाने दुसरा ड्रायव्हर पाठवला आणि हे एसटीने घरी आले. दुसऱ्या दिवशी मालकाचा निरोप आला की दोन्ही दंड पगारातून कापले जातील.

"दोन्ही आम्हीच भरायचे का?" त्या भाभींचा प्रश्न एवढाच होता. त्याचे उत्तर आम्हाला तेव्हा देता आले नाही. आम्ही शिक्षक, वकील नाही. पण कागद मराठीत होता, कायदाही मराठीत मिळतो, आणि वाचणे हे तर आमचे रोजचेच काम. म्हणून दोन संध्याकाळी बसून वाचले, एका ओळखीच्या वकिलांना विचारून खात्री केली. आपल्या समाजात ट्रक, टेम्पो, टँकर यांवर चूल पेटणारी घरे कमी नाहीत. म्हणून यावेळचे सदर त्याच विषयावर.

लायसन कोणते आणि किती दिवसांचे?

मोटार वाहन अधिनियम १९८८ चा आहे आणि त्यात २०१९ मध्ये मोठी दुरुस्ती झाली. मालवाहू किंवा प्रवासी वाहन चालवायचे तर वय किमान २० वर्षे हवे. ट्रान्सपोर्टचे शिकाऊ लायसन मागण्याआधी हलक्या वाहनाचे लायसन निदान एक वर्ष हातात असले पाहिजे. ट्रान्सपोर्टच्या लायसनची मुदत पूर्वी ३ वर्षांची होती, ती दुरुस्तीनंतर ५ वर्षांची झाली. पेट्रोल, गॅस, रसायने असा धोकादायक माल नेणाऱ्यांसाठी मात्र ती ३ वर्षेच आहे आणि त्यांना वेगळे प्रशिक्षण घेऊन लायसनवर तशी नोंद करून घ्यावी लागते. या टँकरवाल्यांसाठी नियमात आणखी एक अट आहे. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतली एक भारतीय भाषा आणि इंग्रजी त्यांना लिहिता-वाचता आली पाहिजे. त्या अनुसूचीत मराठी आहे तशी उर्दूही आहे. उर्दू शाळेत शिकून काय मिळते, असे विचारणाऱ्यांना आम्ही हे उदाहरण आता आवर्जून सांगतो.

इतर ट्रक ड्रायव्हरांसाठी आठवी पासची अट होती, ती २०१९ मध्ये काढून टाकली गेली. त्याआधी दरवर्षी दोन-तीन माणसे आमच्याकडे यायची. "आठवी पासचा दाखला द्या, मुलाबाळांची दुआ लागेल," म्हणायची. त्यांना नाही म्हणताना जड जायचे, पण खोट्या कागदावर सही करणे आम्हाला शक्य नव्हते. आता दाखला लागत नाही. तरी रस्त्यावरचा फलक, लायसनवरची तारीख आणि हातात पडलेले चलन वाचण्याची गरज काही गेलेली नाही.

छोटा टेम्पो चालवणाऱ्या भावांसाठी एक दिलासाही आहे. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने निकाल दिला की, हलक्या वाहनाचे लायसन असलेल्याला एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असलेले मालवाहू वाहन वेगळ्या नोंदीशिवाय चालवता येते. हे वजन रिकाम्या गाडीचे नव्हे, मालासकट धरायचे असते आणि ते आरसीवर लिहिलेले असते. त्यापुढच्या गाडीला ट्रान्सपोर्टचेच लायसन लागते. धोकादायक माल असेल तर ही सूट चालत नाही.

आता तीस दिवसांची गोष्ट. मुदत संपल्यावरही तीस दिवस लायसन चालू धरले जाईल, अशी तरतूद जुन्या कायद्यात होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती वगळली. म्हणजे मुदत ज्या दिवशी संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी स्टिअरिंगवर बसलेला माणूस कायद्याच्या नजरेत लायसन नसलेला माणूस. ढाब्यावर, अड्ड्यावर आजही जुनी गोष्टच सांगितली जाते. सांगणारे खोटे बोलत नाहीत, त्यांची माहिती जुनी आहे एवढेच. उलट नव्या कायद्याने एक सोय दिली आहे, ती कोणी सांगत नाही. मुदत संपायच्या एक वर्ष आधीपासून नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. मुदत संपून एक वर्ष उलटले तर मात्र पुन्हा वाहन चालवण्याची परीक्षा द्यावी लागते.

दंड कोणाचा?

भाभींच्या प्रश्नाचे उत्तर कलमांत सापडले. वैध लायसन नसताना गाडी चालवणे हा कलम १८१ चा गुन्हा, तो ड्रायव्हरचा. त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. लायसन नसलेल्याच्या हाती गाडी देणे हा कलम १८० चा गुन्हा, तो मालकाचा. त्यालाही तेवढीच शिक्षा. म्हणजे आपल्या ड्रायव्हरचे लायसन पाहणे, त्याची तारीख लक्षात ठेवणे ही मालकाचीही जबाबदारी आहे. चलनावर कोणते कलम कोणाच्या नावापुढे लिहिले आहे, ते वाचले की कोणाचे ओझे कोणी उचलायचे ते कळते.

जादा मालाचेही असेच. ओव्हरलोडला २०,००० रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये, शिवाय जादा माल उतरवण्याचा खर्च. गाडी ड्रायव्हरच्या हातात असते, पण माल किती भरायचा हे बहुतेक वेळा तो ठरवत नाही. कायद्याला हे ठाऊक आहे. ड्रायव्हर स्वतः मालक नसेल तर ओव्हरलोड मालकाला ठाऊक असताना किंवा त्याच्या हुकमाने झाला, असे न्यायालय गृहीत धरू शकते, असे कलम ११३ मध्ये लिहिले आहे. पण ड्रायव्हर त्यामुळे सुटला असे नाही. मालगाडीत जादा माल नेणे, मालगाडीत माणसे बसवणे, चालवताना मोबाइल वापरणे या गोष्टींवरून त्याचे लायसन निलंबित होऊ शकते. दंड मालक भरेल, लायसन मात्र ड्रायव्हरचे जाईल. लायसन निलंबित करण्यापूर्वी त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते आणि आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करता येते. ही नोटीस आली तर ती कपाटात टाकू नये. गप्प बसणाऱ्याच्या बाजूने कोणी बोलत नाही.

माप आणि वजन यांत लबाडी करणाऱ्यांना कुरआनात एक पूर्ण सूरहच सुनावते, सूरह अल-मुतफ्फिफीन. आपण ती दुकानदाराच्या तराजूपुरती समजतो. वजनकाट्यावर उभ्या असलेल्या ट्रकलाही ती लागू आहे, असे आम्हाला वाटते. जादा वजनाच्या गाडीचा ब्रेक उशिरा लागतो आणि समोर कोणाचे तरी मूल सायकलवर असते.

रस्त्यात गाडी अडवली तर

पहिली गोष्ट म्हणजे थांबावे. वजन करून घ्यायला नकार देणे किंवा काटा टाळून पळणे याला ओव्हरलोडपेक्षा मोठा, ४०,००० रुपयांचा दंड आहे. अधिकारी गाडी काट्यावर न्यायला सांगू शकतो, पण त्यालाही मर्यादा आहे. पुढच्या वाटेवरच्या कोणत्याही ठिकाणापासून दहा किलोमीटरच्या आत किंवा गाडी जिथे जायची त्या ठिकाणापासून वीस किलोमीटरच्या आतला काटा, असे कायदा म्हणतो.

गणवेशातल्या पोलिसाने लायसन मागितले तर दाखवणे भाग आहे. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन अॅपमधले कागद चालतात, नियम १३९ मध्ये तशी तरतूद आहे. पण मोबाइलच्या गॅलरीत काढून ठेवलेला लायसनचा फोटो म्हणजे डिजिलॉकर नव्हे. पुष्कळ भाऊ इथेच अडकतात. मुलाने किंवा मुलीने अब्बांच्या फोनवर हे अॅप एकदा उघडून दिले की काम झाले.

चलन हातात आले की चार गोष्टी पाहाव्यात. गाडीचा नंबर बरोबर आहे का, तारीख आणि वेळ काय आहे, ठिकाण कोणते आहे आणि कलम कोणते लिहिले आहे. वाचता येत नसेल तर अधिकाऱ्यालाच नम्रपणे वाचून दाखवायला सांगावे. त्यात कमीपणा नाही. लायसन जप्त केले तर पोच घेतल्याशिवाय हलू नये. कलम २०६ प्रमाणे ती पोच देणे बंधनकारक आहे, आणि लायसन परत मिळेपर्यंत त्या पोचेवर गाडी चालवता येते. पोच हरवली तर हातात काहीच राहत नाही.

आरोप खरा असेल तर तडजोड शुल्क भरून प्रकरण तिथेच मिटवता येते. तो खरा नसेल, म्हणजे त्या वेळी गाडी दुसऱ्याच गावी होती किंवा नंबर चुकून लागला, तर पैसे भरून मोकळे होण्याची घाई करू नये. टोलची पावती, बिल्टी, काट्याची पावती जपून ठेवावी. ई-चलनाविरुद्ध ऑनलाइन तक्रार करता येते आणि ती मान्य झाली नाही तर न्यायालयात बाजू मांडता येते. थकलेली चलने राष्ट्रीय लोकअदालतीतही घेतली जातात. लोकअदालतीची तारीख जाहीर होते तेव्हा जवळच्या तालुका विधी सेवा समितीत चौकशी करावी. चलन विसरून जाणे हा मात्र उपाय नव्हे. ते आपोआप मिटत नाही.

राहिली "एंट्री"ची गोष्ट. नाक्यावर नोट सरकवली की गाडी सुटते, हे सगळ्यांना माहीत आहे. लाच देणे आणि घेणे दोन्ही हराम आहे, हेही सगळ्यांना माहीत आहे. रात्री दोन वाजता एकट्या माणसाला हे पाळणे किती कठीण जाते, ते आम्हाला खुर्चीत बसून कळणार नाही. पण एक नक्की सांगता येते. ज्याचे कागद पूर्ण आहेत, त्याला नाही म्हणण्याची ताकद जास्त असते. कागद अपुरे असले की माणूस आधीच अर्धा वाकलेला असतो.

खरे कारण

मुलीच्या अब्बांनी लायसन वेळेवर का केले नाही, हे त्या दिवशी कळले नव्हते. आम्ही चलन वाचून दाखवले आणि कागद त्यांच्या हाती दिला. त्यांनी तो हात लांब करून धरला, मग आणखी लांब. आम्ही विचारले, "चाचा, चष्मा लागला का?" ते हसले, म्हणाले, वय झाले. भाभी मात्र गप्प राहिल्या नाहीत. रात्री समोरून लाइट आला की यांना काही क्षण काहीच दिसत नाही, असे दोन वर्षे चालू आहे, असे त्या म्हणाल्या. तपासणीत नापास झालो तर हेवीचे लायसन जाईल, या भीतीने त्यांनी नूतनीकरणाला हातच लावला नव्हता. आता एक एजंट मिळाला होता. डॉक्टरांच्या सहीसकट सगळे करून देतो, दवाखान्यात यायचीही गरज नाही, असे त्याने सांगितले होते. त्याला दोन हजार रुपये आगाऊही दिले होते.

ट्रान्सपोर्टच्या लायसनला वैद्यकीय प्रमाणपत्र लागते, त्याला नमुना १-अ म्हणतात. त्यातले प्रश्न आम्ही त्यांना एकेक करून वाचून दाखवले. दृष्टीत दोष आहे का, आणि असेल तर तो चष्म्याने दूर झाला आहे का? लाल आणि हिरवा रंग ओळखता येतो का? चांगल्या उजेडात २५ मीटरवरून गाडीची नंबर प्लेट वाचता येते का? रातांधळेपणा आहे का? कानाने हॉर्न ऐकू येतो का? पहिल्याच प्रश्नात चष्म्याची वाट कायद्यानेच मोकळी ठेवली आहे, हे ऐकून ते आमच्याकडे पाहत राहिले. चष्मा लागला म्हणजे लायसन गेले, असे ते दोन वर्षे समजत होते.

आम्ही त्यांना स्पष्ट सांगितले. डोळे न दाखवता मिळालेल्या सहीने लायसन मिळेल, नजर मिळणार नाही. आणि उद्या अपघात झालाच तर? लायसनमध्ये खोट निघाली तरी विमा कंपनीने आधी जखमीला किंवा मृताच्या घरच्यांना भरपाई द्यावी आणि मालकाची कसूर असेल तर ती रक्कम त्याच्याकडून वसूल करावी, अशी वाट सर्वोच्च न्यायालयाने २००४ च्या स्वर्ण सिंह प्रकरणात घालून दिली आहे. नीट लायसन पाहून, तपासून ड्रायव्हर ठेवणाऱ्या मालकाला न्यायालयांनी दोष दिलेला नाही. पण ज्याने पाहिलेच नाही, त्याची जमीन-घर यात जाऊ शकते. हे पैशाचे झाले. ज्याचा जीव गेला त्याचे काय, याचा हिशेब कुठल्याच न्यायालयात पूर्ण होत नाही.

पुढच्या सोमवारी ते जिल्हा रुग्णालयात गेले. दोन्ही डोळ्यांना लांबचा नंबर निघाला. चष्मा आला, तपासणी झाली, अर्ज गेला आणि लायसन नवे झाले, अल्हम्दुलिल्लाह. आपल्या वाट्याचा दंड त्यांनी भरला. कलम १८० मालकाचे आहे, हे त्यांनी मालकाला चलन दाखवून सांगितले. मालकाने ते मान्य केले, पण परत कामावर घेतले नाही. एजंटाकडे गेलेले दोन हजारही आले नाहीत. आता ते साखर कारखान्याच्या मालाची दिवसाची गाडी चालवतात. पैसे पूर्वीपेक्षा कमी मिळतात. मुलीची शिकवणी भाभींनी या वर्षापुरती बंद केली. म्हणून आम्ही तिला शाळा सुटल्यावर अर्धा तास बसवतो.

वाचक भगिनींना आमची एक विनंती आहे. घरातला पुरुष महिन्यातले वीस दिवस रस्त्यावर असतो, तेव्हा कागदांची आठवण घरानेच ठेवायला हवी. लायसन, विमा, फिटनेस, पीयूसी आणि परमिट अशा पाच तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा, लायसनची तर तीन महिने आधीच. गाडी दुसऱ्याची असेल तर शेवटचे चार कागद मालकाचे, पण त्यांच्याही तारखा माहीत असू द्या. मालकाशी पगाराचे, दंडाचे आणि भरण्याचे बोलणे होते ते तोंडी ठेवू नका. सूरह बकरामधली देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याची आयत ही कुरआनातली सर्वांत लांब आयत आहे. लिहून ठेवण्याला अल्लाहने एवढी जागा दिली, त्याकडे आपण दुर्लक्ष करू नये. आणि सगळ्यात आधी चाळिशी ओलांडलेल्या ड्रायव्हरचे डोळे तपासून घ्या. सरकारी रुग्णालयात ते होते.

परवा त्या मुलीने वहीचे शेवटचे पान दाखवले. अब्बांच्या लायसनची नवी तारीख तिने एका ओळीत उर्दूत आणि खाली मराठीत लिहिली होती. मराठीत "मुदत" हा शब्द तिने "मुद्दत" असा लिहिला होता. उर्दूत तो तसाच आहे, म्हणून आम्ही त्यावर लाल रेघ मारली नाही. फक्त दोन्ही भाषांतला फरक सांगितला.